ऑफर लेटर आलं, मग जर्मनीला कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि इतक्या जणांनी विचारलंय म्हणून सविस्तर सांगतो. ऑफर लेटर म्हणजे परवाना नव्हे. ब्लू कार्डाच्या, म्हणजे उच्चशिक्षितांना तिथे राहून नोकरी करू देणाऱ्या परवान्याच्या, फाइलमधला तो पहिला कागद.

पगाराची अट सगळ्यांना पाठ असते: 2025 मध्ये ती होती वर्षाला 48,300 युरो, इंजिनिअर, आयटी, डॉक्टर अशा तुटवड्याच्या पेशांना 43,759.80, पण मग तिथल्या रोजगार खात्याची मंजुरीही लागते. आकडे दर जानेवारीत बदलतात. हमी नसलेला बोनस त्यात धरू नका.

घोडं पेंड खातं ते डिग्रीपाशी. 'आनाबिन' या परदेशी विद्यापीठांच्या आणि डिग्र्यांच्या जर्मन यादीत दोन वेगळ्या नोंदी लागतात: विद्यापीठापुढे 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त), आणि तुमच्या डिग्रीपुढे 'समकक्ष' असा शेरा. बहुतेक जण पहिली बघतात आणि निर्धास्त होतात. काही जण कॉलेजचं नाव शोधतात, सापडलं नाही की घाबरतात. डिग्री विद्यापीठ देतं, तेव्हा शोधायचं ते विद्यापीठ. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये बदललं, म्हणून जुनं आणि नवं दोन्ही नावं टाकून बघा. डिग्री यादीतच नसेल, किंवा 'अंशतः तुलनीय' निघाली, तर 'झेडएबी' या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून मूल्यांकन करून घ्यायचं. त्याची फी 208 युरो. आयटीवाल्यांना डिग्रीशिवायही वाट आहे, पण गेल्या सात वर्षांतला तीन वर्षांचा त्याच दर्जाचा अनुभव कागदावर सिद्ध करावा लागतो.

आधी नोकरी मिळवा, डिग्रीचं मागाहून बघू, असं पूर्वी मीच सांगायचो. आता सांगवत नाही. कंपनी रुजू होण्याची तारीख धरून बसते आणि मूल्यांकन यायचं असतं. पण नोकरीचा पत्ता नसताना 208 युरो भरा, हे तरी कोणत्या तोंडाने सांगू? दोन्ही बाजू मला खऱ्याच वाटतात.

कंपनीला घाई असेल तर तिने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात 411 युरो भरून जलद प्रक्रिया मागावी. त्यासाठी तुमचं अधिकारपत्र लागतं. आपल्याकडचे अर्ज मुंबईच्या वकिलातीच्या हद्दीत येतात, व्हिसाची फी 75 युरो. कंपनीने भरलेला नोकरीचा फॉर्म करारासमोर धरून वाचा: पगार, तास, तारीख. एक आकडा जुळला नाही तरी फाइल अडते.

व्हिसा मिळाला तरी कार्ड तिकडे गेल्यावरच. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, आणि त्याला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. तात्पुरती खोली घेताना भाड्याआधी एवढंच विचारा: ते पत्र देणार का?