रुसून गोव्याला आलेला देव आणि आम्ही दोघं

शुक्रवार, रात्र. मंगेशी.

"दोघांनीच जाऊन या कुठं तरी," असा लकडा सासूबाईंनीच लावला होता. लेकीला त्यांनी ठेवून घेतलं आणि आम्ही कोल्हापूरहून आंबोलीमार्गे एसटीनं इकडं आलो. बहिणीचा सल्ला होता की कळंगुटला समुद्रासमोरची खोली घ्या, मेणबत्तीच्या उजेडात जेवा, बघ कसं नातं ताजं होतं ते. मला त्याची धास्तीच वाटते. समोरासमोर बसून एकमेकांकडं बघायचं आणि बोलायचं काय, तर लेकीची ट्यूशन आणि गॅसचा नंबर. त्यापेक्षा मंगेशीच्या देवळाची अग्रशाळा (यात्रेकरूंच्या खोल्या) बरी. दोन कॉट, एक पंखा, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल.

आणि हा देव तर मुळात बायकोशी भांडून इथं आलेला. पार्वतीशी सारीपाट खेळताना शंकर सगळं हरले आणि कैलास सोडून तडक गोव्याला आले. ती शोधत मागोमाग आली, तर तिला घाबरवायला यांनी वाघाचं रूप घेतलं. ती किंचाळली तेव्हा कुठं मूळ रूपात आले. काल सातमजली दीपमाळेखाली उभं राहून मी ही कथा नवऱ्याला सांगितली, तर म्हणतो, "हरल्यावर थोडं चिडणारच की माणूस." बाजू घेऊन मोकळा! मूळ देऊळ इथं नव्हतंच म्हणे, कुठ्ठाळीला होतं. पोर्तुगीजांच्या धाकानं 1560 साली देव रातोरात नदीपलीकडं इथं प्रियोळला आणला.

आज सकाळी भाड्याची स्कूटर घेतली, काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची. मिक्स भाजी-पाव खाल्ला आणि जुन्या गोव्याकडं निघालो. स्कूटरवर बोलण्याची एक गंमत आहे. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, त्यामुळं निम्मं ऐकू येत नाही. टोमणा मारायचा तर ओरडून मारावा लागतो, आणि याचं "काय?" ऐकून पुन्हा ओरडावा लागतो. दुसऱ्यांदा ओरडेपर्यंत त्या टोमण्यात काही राम उरत नाही. घरी मी स्वयंपाकघरातून बोलते, हा हॉलमधून "हं" म्हणतो, आणि त्या एका "हं"वरून आमची संध्याकाळ जाते. इथं रस्ता चुकला तर दोघांचाही चुकतो आणि भूक लागली तर एकदमच लागते.

बॉम जेझुसचं चर्च बाहेरूनच पाहिलं (गिलावा नसलेला तो लालभडक जांभा मला आतल्या सोन्याच्या झळाळीपेक्षा जास्त आवडतो), व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर गेलो आणि दिवाडी बेटाची फेरीबोट पकडली. बोट म्हणजे लोखंडी तराफाच. पुढची फळी धक्क्यावर आपटते, आधी उतरणाऱ्या गाड्या बाहेर, मग चढणाऱ्या आत. खलाशी "रावात, रावात" (थांबा, थांबा) करत होता. मी कठड्याशी गेले. हा मात्र स्कूटरवरून उतरलाच नाही. स्टँड लावलेला, इंजिन बंद, तरी दोन्ही ब्रेक दाबून बसलेला, बोटं पांढरी पडेपर्यंत.

मी जवळ गेले तर हळूच म्हणाला, "पुराच्या वेळी त्या बोटीत माझे पाय लटपटत होते."

ऑगस्ट 2019 ची गोष्ट. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आमच्या जिन्यापर्यंत आलं होतं. मी लेकीला घेऊन आधीच गडहिंग्लजला माहेरी गेले होते. यानं सासूबाईंना बोटीतून बाहेर काढलं, आणि फोनवर मला काय सांगितलं, तर "काही नाही गं, आईला तेवढीच नौकाविहाराची हौस." तीच गोष्ट तो आजवर पाहुण्यांना हसत हसत सांगत आलाय, आणि मीही दर वेळी हसत आलेय. मांडवी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. तेवढ्यात त्यानं आणखी दोनच वाक्यं सांगितली, ती इथं लिहीत नाही. मी काही बोलले नाही, हँडलवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. समोरच्या बाईच्या पाटीत कोंबडा होता, तो आमच्याकडं टकामका बघत होता.

ही गोष्ट घरी निघालीच नसती. मेणबत्तीपाशी तर नाहीच नाही.

दिवाडीवर खाजन शेतं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली), बगळे आणि शांतता. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी आहे. मी म्हटलं, नार्वे राहू दे, इथूनच मागं फिरू. तो म्हणाला, "नको, जाऊया." या खेपेला कठड्यापर्यंत आला, एक हात माझ्या पर्सच्या पट्ट्यावर. पलीकडं सप्तकोटेश्वर, गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. दिवाडीवरचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, देव नदीपार नार्व्याला आला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. कोल्हापूरचा माणूस तिथं गेल्यावर त्याचा इतिहासाचा तास सुरू होणार, हे ठरलेलंच. मी सगळा ऐकला. मधे एकदा जांभई आली, ती पदराआड दिली.

संध्याकाळी भांडलो. कारण, उद्या कुठं जायचं. त्याला तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ बघायचंय, मला पणजीत फोंतेन्हासच्या गल्ल्यांतून नुसतं हिंडायचंय. सुर्ला पार घाटाच्या पायथ्याशी, दोन्ही एका दिवसात होणार नाही असं मी म्हणते. त्याचं म्हणणं, पहाटे निघालो तर होतंय. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. सुर्ला निघालं. त्यानं टाकीत शंभराचं पेट्रोल पुरेल म्हणून सांगितलंय. मी दोनशेचं घालणार आहे.