धुपदाळच्या काठावर ५०० मिलिमीटर: लेन्स निवडण्याआधी तिचा पाय पाहा

पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची झूम लेन्स घ्यायची म्हणून मी चार महिने केवळ लेन्सचाच अभ्यास केला. ती ज्यावर उभी राहणार होती त्या ट्रायपॉडचा आणि त्यावरच्या हेडचा (लेन्स पकडून फिरवणाऱ्या माथ्याच्या भागाचा) विचार मात्र दुकानदारावर सोपवला. या चुकीमुळे जानेवारीतली धुपदाळ बंधाऱ्यावरची पहिली सकाळ पूर्णपणे वाया गेली. बेळगाव, खानापूर किंवा गोकाककडून जे कोणी अशी लेन्स घेऊन घटप्रभेच्या काठावर जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

लेन्सच्या निवडीविषयी थोडक्यात सांगतो. माझ्याकडे निकॉन डी५०० असल्यामुळे मी निकॉनची २००-५०० एफ/५.६ घेतली (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). ट्रायपॉडवर बसवण्याच्या कॉलरसह तिचे वजन २.३ किलो आहे आणि कॅमेरा धरून ते तीन किलोंच्या वर जाते. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी दोन किलोंच्या आत आहे, पण ६०० ला ती एफ/६.३ वर येते. टॅमरॉनच्या १५०-६०० जी२ च्या पायालाच (ट्रायपॉडवर बसणाऱ्या भागाला) आर्का पद्धतीची, म्हणजे हेडच्या पकडीत सरळ सरकणारी, खाच असल्यामुळे वेगळी प्लेट (जोडपट्टी) लागत नाही. सोनीची २००-६०० झूम करताना लांबीने वाढत नाही, त्यामुळे तिचा तोल फारसा ढळत नाही. ट्रायपॉडवर काम करणाऱ्यासाठी हा गुण फार मोठा आहे. चित्राच्या स्पष्टतेत या चौघींमध्ये जो फरक आहे, त्यापेक्षा त्या कशावर बसवल्या आहेत याने पडणारा फरक कितीतरी मोठा आहे, हे माझे ठाम मत आहे.

दुकानात मला बॉल हेड, म्हणजे एका गोळ्यावर सगळीकडे फिरणारे हेड, दाखवण्यात आले. ‘आठ किलो पेलते, तुमची लेन्स तर अडीच किलोंचीही नाही,’ असे दुकानदाराने सांगितले आणि ते मला पटले. जी साधी लांब प्लेट पुढे मला सहाशे रुपयांत मिळत असलेली दिसली, तिचे त्याने १,८०० रुपये घेतले. पैशांचे दुःख आहेच, परंतु आठ किलोंच्या त्या आकड्याने झालेले नुकसान अधिक आहे. वजन हेडच्या बरोबर मध्यावर असेल, तेव्हाच त्या आकड्याला अर्थ असतो. ५०० पर्यंत लांबवलेल्या लेन्सचे वजन पुढे सरकते आणि बॉलवर पिळाचा जोर येतो. त्या जोराविषयी खोक्यावर काहीही लिहिलेले नसते.

धुपदाळचा बंधारा घटप्रभा स्थानकापासून जवळ आहे आणि बेळगावहून गाडीने दीड-दोन तासांत पोहोचता येते. हे पक्षी अभयारण्य १९७४ पासूनचे असून हिवाळ्यात येणाऱ्या क्रौंचांसाठी ते ओळखले जाते. मी आणि माझे आतेभाऊ, म्हणजे दादा, उजाडण्यापूर्वी उसाच्या बांधावरून पाण्याकडे निघालो, आणि शेवटच्या दीडशे पावलांनी आमचा घात केला. पाणी मागे सरलेल्या त्या पट्ट्यात वरून वाळलेली दिसणारी काळी माती आतून लोण्यासारखी मऊ होती. ‘सर, तिकडं जाऊ नका, पाय जाईल,’ असे बांधावरच्या एका शेतकऱ्याने सांगितले होते. तरीही आम्ही पुढे गेलो. ट्रायपॉडचे दोन पाय वीतभर रुतले, तिसरा एका दगडावर राहिला आणि सगळा डोलारा पाण्याच्या बाजूला कलला.

कसेबसे उभे राहिल्यावर खरा त्रास सुरू झाला. समोर कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत होता. मी त्याला चौकटीच्या मधोमध घेऊन बॉलची मूठ आवळली, हात काढला, आणि लेन्सचे नाक हळूच खाली झुकले. खंड्या चौकटीच्या वरच्या कडेला गेला. पुन्हा वर धरले, पुन्हा आवळले, पुन्हा तेच झाले. डी५०० वर ५०० मिलिमीटरला आडव्या चौकटीत जेमतेम पावणेतीन अंशांचे दृश्य मावते, त्यामुळे डोळ्यांना न जाणवणारा झोलही तिथे पक्षी कापून टाकतो. त्यातच क्रौंचांचा थवा डोक्यावरून आला. मी मूठ सैल करताच तीन किलोंचे ओझे धाडकन पुढे पडले, आणि दादांनी लेन्सचे हूड वरच्या वर धरले नसते तर ती चिखलात गेली असती. या वजनाच्या लेन्ससाठी बॉल हेड घेऊ नये, हा माझा स्पष्ट निर्णय आहे.

त्याच संध्याकाळी बेळगावात एका मित्राकडून गिंबल हेड (लेन्स तोलून धरून वरखाली आणि बाजूला सहज फिरू देणारे हेड) आणले आणि रात्री घरातच तोल साधला. ही कृती नीट समजून घ्यावी, कारण गिंबल असूनही अनेकांची लेन्स तोलात नसते. आधी ट्रायपॉडचा माथा सपाट करावा, नाहीतर लेन्स बाजूला फिरवताना क्षितिज तिरपे होते. लेन्स नेहमी तिच्या पायावरच बसवावी, कॅमेऱ्याच्या तळावर कधीही नाही; कॅमेऱ्याच्या तोंडावर, म्हणजे लेन्स जिथे जोडली जाते तिथे, एवढा भार टाकणे धोक्याचे आहे. प्लेटला दोन स्क्रूंची सोय असेल तर दोन्ही लावावेत, कारण एका स्क्रूवर ती फिरते. मग झूम ५०० वर नेऊन, वरखाली होण्याची मूठ सैल सोडून, प्लेट मागेपुढे सरकवत राहावे, जोपर्यंत लेन्स हात न लावता आडवी राहत नाही. त्यानंतर तिचे तोंड वर करून सोडावे: ती आणखी मागे कलंडली तर लेन्स आसापेक्षा उंच बसली आहे, आपोआप आडवी येऊ लागली तर खाली बसली आहे. कुठेही सोडली तरी तिथेच राहिली, म्हणजे तोल जमला. २०० वर आणल्यास तो थोडा बिघडतो, म्हणून जिथे जास्त काम करायचे तिथेच तो साधावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही बांधावरच थांबलो, मधला दांडा पूर्ण खाली ठेवला आणि एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे रोवला. लेन्समधल्या कंपनरोधकाची स्पोर्ट स्थिती आणि १/१६०० सेकंदाचा शटरवेग ठेवून क्रौंचांची उड्डाणे मिळाली, आणि बोटाच्या टोकाने फिरणाऱ्या त्या लेन्समागे उभे असताना आदल्या दिवसाचा सगळा शीण उतरला. सूर्य वर आल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि कोणत्याही लेन्सने चित्र पुसट येते, तेव्हा साडेनऊपर्यंत काम आटोपावे. दुपारी गोकाकचा धबधबा पाहिला आणि करदंट घेतले.

तिसऱ्या दिवशी जांबोटी-कणकुंबी रस्त्याला गेलो. तिथे गिंबल गाडीतच राहू द्यावे. दाट झाडीत राखी धनेश माथ्यावर दिसतो आणि दुसऱ्या क्षणी फांदीआड जातो. तेवढ्या वेळात तीन पाय उघडणे शक्य नाही. मोनोपॉड (एकपायी आधार) किंवा गाडीच्या खिडकीवर धान्याची पिशवी पुरेशी आहे. मला सकाळी आठला एफ/५.६ वर आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) ६४०० ठेवूनही १/२५० च्या वर जाता आले नाही, म्हणून ज्यांचे मुख्य काम या जंगलात आहे त्यांनी एफ/६.३ ची लेन्स घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नये.

घरी परतल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून, कुलुपांच्या कड्या सोडवून, गोड्या पाण्याने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. धुपदाळची माती त्या आट्यांमध्ये वाळली की दगडासारखी होते. माझी एक कडी पक्कडीने फिरवावी लागली आणि तिचे रबर फाटले.