ईसीएन टूल काढतं, कारण आपण लिहायचं

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या डिझाइन विभागात इंजिनीअरिंग चेंज नोटीस (ईसीएन), म्हणजे डिझाइनमधल्या बदलाची नोंद आणि सूचना, आता हाताने भरावी लागत नाही. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन सिस्टीममध्ये टाकली की टूल जुन्या-नव्या बीओएममधला (लागणाऱ्या पार्ट्सच्या यादीतला) फरक काढतं, पार्ट कुठल्या असेंब्लीत लागतो ते शोधतं आणि मसुदा तयार ठेवतं. एक्सेलच्या काळात एखादी असेंब्ली हमखास सुटायची. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगातल्या गुणवत्ता मानकानुसार कस्टमरच्या बदलाचा आढावा १० कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवा, त्यामुळे हा वाचलेला वेळ मला फार मोलाचा वाटतो.

परवा एका ब्रॅकेटचं भोक ८.४ मिमीवरून ९ मिमी केलं. टूलने स्पेअरची एक असेंब्लीही दाखवली, जी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. पण चाकणच्या सप्लायरकडे पडून असलेल्या मालाचं काय? भोक मोठंच करायचं, म्हणजे रीवर्क सोपं, असं वाटतं. मात्र झिंक प्लेटिंग झालेला ब्रॅकेट ड्रिल केला की भोकाच्या कडेला उघडा पत्रा राहतो आणि तिथूनच गंज धरतो. म्हणून प्लेटिंगआधीचा माल रीवर्कला आणि बाकीचा जुन्याच रिव्हिजनवर वापरून संपवायचा, असं ठरलं. हा निर्णय सप्लायरशी बोलूनच होतो.

आणि ‘बदलाचं कारण’ या रकान्यात नुसतं ‘कस्टमरच्या सांगण्यावरून’ असेल तर मी नोटीस परत पाठवते. ‘एम८ बोल्ट लाइनवर अडकतो, म्हणून क्लिअरन्स (बोल्टभोवतीची मोकळी जागा) वाढवला’ असं लिहा ना! पुढे तक्रार आली की क्वालिटीवाले आधी तोच रकाना उघडतात.