भेरूघाटात वाकलेला रॉड

टर्बो इंजिनाचा दाब वाढवण्याविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंपनीचे मूळ कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणारे दांडे, किती अश्वशक्तीपर्यंत टिकतील? माझ्या भाच्याने इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी येऊन हाच प्रश्न विचारला, पण तो रॉड वाकल्यानंतर. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो.

त्याची गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची, कंपनीतूनच टर्बो लावून आलेली. इंदूरच्याच एका ट्यूनरकडून त्याने इंजिनाच्या संगणकातला नकाशा, म्हणजे इंधन आणि टर्बोचा दाब ठरवणारे आकडे, बदलून घेतला होता आणि खालच्या आरपीएमलाच गाडी कशी झेप घेते याचे त्याला कोण कौतुक! ओंकारेश्वरहून चौघे परतत असताना भेरूघाटाच्या चढावर, चौथ्या गिअरमध्ये, काटा 1800 च्या आसपास असताना त्याने पाय पूर्ण दाबला. लोखंडावर हातोडा बसावा तसे दोन ठोके ऐकू आले आणि त्यानंतर गाडी उभी असतानाही थरथरू लागली. एका गॅरेजने इंजेक्टर बदलून पैसे घेतले. थरथर होती तशीच राहिली.

कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब, तपासले तेव्हा दुसऱ्या सिलिंडरचा आकडा इतर दोघांपेक्षा थोडासाच कमी भरला. तेवढ्यावरून पिस्टनच्या रिंगा खराब असाव्यात असेच कोणीही म्हटले असते. पिथमपूरच्या ओळखीच्या मशीन शॉपमध्ये इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, उतरवले, ब्लॉकवर डायल गेज (शतांश मिलिमीटर मोजणारे काट्याचे मापक) बसवला आणि एकेक पिस्टन सर्वांत वरच्या बिंदूला आणून मोजला. पहिला आणि तिसरा सारखे; दुसरा अर्धा मिलिमीटर खाली. रॉड वाकला की त्याची लांबी घटते आणि पिस्टन तेवढा खाली थांबतो, एवढाच त्याचा अर्थ. अर्ध्या मिलिमीटरने कम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) 10.5 वरून जेमतेम 10 वर येतो, म्हणूनच कम्प्रेशनचा आकडा फारसा बोलत नव्हता. पावसात सिलिंडरमध्ये पाणी गेल्यानेही रॉड असाच वाकतो, त्यामुळे एअर फिल्टरही पाहिला. तो कोरडा होता, गाळाचा डागही नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे. रॉडवर दोन वेगवेगळे भार येतात. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत फिरतो तेव्हा तो रॉडला ओढतो. हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि रॉडचे बोल्ट तुटतात ते बहुधा याच ताणाने. मिश्रण पेटल्यावर वायूचा दाब रॉडला दाबतो. तो टॉर्कबरोबर वाढतो. साधारण 75 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 76 मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) आणि वरखाली होणारे 400 ग्रॅम वजन धरून मी हिशेब केला. 6000 आरपीएमला ओढ सुमारे 780 किलोची, तर 2000 ला ती नवव्या हिश्श्यावर, म्हणजे 86 किलोच्या आसपास येते. उलट, सिलिंडरमधला दाब 100 बार झाला तर रॉडवर साडेचार टन बसतात आणि 130 बार झाला तर जवळजवळ सहा टन. शिवाय पेटण्याच्या क्षणी पिस्टनची वरची ओढ वायूच्या दाबातून वजा होते. इंजिन वेगात असेल तर ही सवलत मोठी, आणि 1800 ला, पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर), जवळजवळ शून्य.

म्हणूनच अश्वशक्तीचा एकटा आकडा काहीच सांगत नाही. 150 अश्वशक्ती 6000 आरपीएमला काढायची तर 175 न्यूटन-मीटर पुरतात; तीच 3500 ला काढायची तर सुमारे 300 लागतात. कागदावर गाडी एकच, पण रॉडच्या दृष्टीने इंजिने दोन.

रॉडचा छेद इंग्रजी आय अक्षरासारखा असतो, त्यालाही कारण आहे. क्रँक फिरतो त्या पातळीत रॉडची दोन्ही टोके मोकळी फिरतात, तर आडव्या दिशेला पिस्टनची पिन आणि क्रँक ती जखडून ठेवतात. त्यामुळे त्या दिशेला वाकायला चौपट जोर लागतो. म्हणून फिरण्याच्या पातळीतला कणखरपणा दुसऱ्या दिशेच्या चौपट ठेवून आकार बेततात आणि फाजील धातू उरवत नाहीत. कंपनीच्या रॉडमध्ये कसूर नव्हती; ज्या भारासाठी तो घडवला त्याच्या पलीकडचा भार आम्ही त्याच्यावर टाकला.

रॉड सुटा केल्यावर त्याच्या क्रँककडच्या बेअरिंगच्या दोन शेल, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, हातात घेतल्या. रॉडकडची वरची शेल घासून चकाकत होती, कॅपकडची, म्हणजे बोल्टने लागणाऱ्या खालच्या अर्ध्या भागाकडची, नव्यासारखी करडी. स्फोटाचा दाब वरच्या शेलवर येतो आणि वेगाची ओढ खालच्या. ते दोन ठोके बहुधा स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटल्याचे असावेत. कमी वेग आणि जास्त भार असला की छोट्या टर्बो इंजिनांत हे घडते आणि तेलाचे थेंब त्याला निमित्त होतात. 2020 मध्ये आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी श्रेणीच्या तेलांची यासाठी वेगळी चाचणी असते. भाच्याच्या तेलाच्या डब्यावर त्याआधीची जुनी श्रेणी छापलेली होती.

“मामा, तिन्ही रॉड ईएन-24 चे बसवू या का?” त्याने विचारले. ईएन-24 म्हणजे जास्त मजबूत मिश्र पोलाद. बसवता येतात, पण मग पिस्टन, क्लच, गिअरबॉक्स असे एकामागून एक सगळेच रांगेत उभे राहतात. आम्ही त्याच वजनगटाचा कंपनीचा एक रॉड आणला. या रॉडची कॅप मुद्दाम तडकवून वेगळी केलेली असते आणि तडकलेल्या पृष्ठभागांचे दाणे फक्त एकमेकांतच बसतात. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या रॉडसारखी कॅप घासून भोक पुन्हा बोअर करण्याची सोय इथे नाही, आणि दुसऱ्या रॉडची कॅप तर चुकूनही लावायची नाही. बोल्ट नवे घेतले. नकाशा पुन्हा लिहून घेताना 3000 आरपीएमच्या खाली बूस्ट कंपनीच्या मूळ पातळीवर ठेवला, वरची अश्वशक्ती तशीच राहू दिली.

हेड बसवण्यापूर्वी पुन्हा डायल गेज लावला. तिन्ही पिस्टन एकमेकांच्या तीन शतांश मिलिमीटरच्या आत होते.