तुम्ही विचारलंत म्हणून: "घानात दिवसभर करायचात तरी काय?"

मी घानात व्हॉलंटियर होते असं कळलं की लोक आधी "बापरे, आफ्रिका!" म्हणतात, मग मलेरिया झाला का विचारतात (झाला, गोळ्या घेतल्या, बरी झाले) आणि मग जरा थांबून खरा प्रश्न येतो, "पण म्हणजे दिवसभर करायचात काय तिथे?" नणंदेच्या सासूबाईंपासून बँकेतल्या मॅडमपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, तर एकदाचं लिहूनच टाकते.

कागदावरचं उत्तर सोपंय. घानाच्या उत्तरेला तमाले शहर आहे, तिथून मोटरसायकलने तासाभरावर दागोंबा लोकांचं एक गाव, तिथल्या ज्युनिअर हायस्कूलमध्ये गणित शिकवायचं. तीन वर्षांचं ज्युनिअर हाय आणि शेवटी बीईसीई नावाची बोर्डाची परीक्षा. पण शाळा दुपारी सुटायची आणि खरं सांगू का, दिवसातला सगळ्यात जास्त वेळ जायचा तो नमस्कार-चमत्कारात.

चेष्टा नाही करत. सकाळी बाहेर पडलं की पहिल्याच अंगणातून "दसिबा" (सकाळचा नमस्कार) येतं, आपण उत्तरादाखल "ना" म्हणायचं (आपलं नकाराचं नव्हे), मग झोप झाली का, घरचे कसे आहेत, नवरा कसा आहे, काम कसं चाललंय, प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, "अलाफी", म्हणजे सगळं ठीक, मग तेच सगळे प्रश्न आपण उलट विचारायचे, आणि समोर वयाने मोठं माणूस असेल तर हे सगळं उकिडवं बसून, भर रस्त्यात, खांद्याला वह्यांची पिशवी असली तरी. शाळेपर्यंत दहा मिनिटांची वाट, पण तासाभर आधी निघावं लागायचं. सुरुवातीला चिडचिड व्हायची. नंतर लक्षात आलं की गावाचा खरा हजेरीपट हाच आहे.

कारण शाळेतल्या रजिस्टरमध्ये मुलगी नुसती "गैरहजर" असते. का, ते अंगणात कळतं. घरच्यांची चौकशी चालू असताना म्हातारी हळूच सांगते, ती होय, ती अक्राला गेली. उत्तरेत पावसाळा एकच, साधारण मे ते ऑक्टोबर, पिकं निघाली की पुढे कित्येक महिने हाताला काम नाही, मग मुली दक्षिणेला अक्रा नाहीतर कुमासीच्या बाजारात जातात आणि डोक्यावर मोठं घमेलं घेऊन लोकांची ओझी वाहतात. त्यांना कायायेई म्हणतात. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी. काही पुढच्या पावसाला परत येतात, लग्नासाठी भांडीकुंडी घेऊन, काही नाही येत. घरी जाऊन आईशी बोलून मुलगी परत आणली वगैरे काही मी केलेलं नाही, ते काम हेडसर आणि गावातल्या बायका करायच्या, मी फक्त कोण जायच्या बेतात आहे ते लवकर त्यांच्या कानावर घालायचे, कारण सकाळभर मी रस्त्यात उकिडवीच बसलेली असायचे.

दुसरी गोष्ट बाजाराची. तिथे बाजार आठवड्याने भरत नाही, दर सहा दिवसांनी भरतो. म्हणजे या खेपेला शुक्रवारी आला तर पुढच्या खेपेला गुरुवारी, मग बुधवारी, असा मागे मागे सरकतो. आणि बाजाराच्या दिवशी निम्म्या मुली आईबरोबर डोक्यावर पाट्या घेऊन जाणारच. शाळेच्या टाइमटेबलला याचा पत्ता नाही, चाचणी आपली दर शुक्रवारी. स्टाफरूमच्या कॅलेंडरवर मी पुढच्या सगळ्या बाजारांना लाल ठिपके दिले आणि चाचण्या सरळ इकडे तिकडे हलवल्या, बास. गणिताची एवढी डिग्री घेऊन त्या शाळेत मी केलेलं सगळ्यात उपयोगी गणित हेच, सहाचा पाढा.

आता पाणी. आमच्या गावाला एक मातीचा बांध होता, पावसाचं पाणी अडवलेलं तळंच ते, माणसं तेच पिणार आणि गुरंही त्यातच उतरणार. बोअर का नाही मारत, हा आपल्याकडच्या प्रत्येकाचा प्रश्न, तर त्या भागातला खडक असा आहे की मारलेल्या बोअरला पाणी लागेलच याची खात्री नसते. मार्चमध्ये बांधाचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. ज्या घरी मी राहायचे तिथल्या म्मा (आई म्हणायचं सगळ्यांनी, मीही) पहाटेच्या अजानआधी पाणी आणायच्या, रांजणात ओतायच्या, तुरटी फिरवायच्या आणि गाळ खाली बसेपर्यंत कुणालाही रांजणाला हात लावू द्यायच्या नाहीत. पाणी ओततानाच तोंडावर बारीक जाळीचं फडकं, तेही चुकून उलटं लागलेलं चालायचं नाही. एवढी शिस्त कशासाठी ते त्यांच्या घोट्यावरचे व्रण बघून कळलं. नारू! माझी आजी माण तालुक्यातली, तिच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं, पायातून जंत बाहेर येतो आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला, घानातला शेवटचा रुग्ण मे 2010 मधला, आणि डब्ल्यूएचओचं सर्टिफिकेट मिळालं जानेवारी 2015 मध्ये. नारूवर लस नाही, औषध नाही. तो गेला तो पाणी गाळून आणि नारू झालेल्याला पाण्यात उतरू न देऊन, आणि ते पाणी गाळलं कुणी तर अशा बायकांनी. मी म्मांना हातवारे करून काडीला गुंडाळायची खूण करून दाखवली तर त्या केवढ्याने हसल्या, तुमच्याकडेही होतं तर!

दुपारचं काम म्हणजे शिया, तिकडचं एक झाड, त्याच्या बियांतून लोणी निघतं, क्रीममधलं शिया बटर ते हेच. शियाच्या बिया पावसाच्या सुरुवातीला वेचायच्या, उकडायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या, दळून आणायच्या आणि मग त्या चॉकलेटी लगद्यात थोडं थोडं पाणी घालत हाताने फेटायचं. कोपरापर्यंत हात आत. बराच वेळ काहीच होत नाही, मग अचानक रंग उतरायला लागतो, चॉकलेटीचा राखाडी, राखाडीचा पांढरट, आणि लोणी वर सुटतं. ते धुवायचं, कढवायचं, गाळायचं. माझा दंड पाच मिनिटांत भरून यायचा, मग बाजूला सारून कुणीतरी साठीची बाई गप्पा मारत ते पुरं करायची. पुण्यात मॉलमध्ये त्याच लोण्याची एवढीशी डबी आणि तिची किंमत बघितली की मला राग येतो, खोटं कशाला बोलू.

आणि हो, खाणं, कारण हा उपप्रश्न हमखास असतो. सकाळी कोको, म्हणजे बाजरीची आंबवलेली, आलं-मिरची घातलेली पेज, जवळजवळ आपली आंबीलच, आणि बरोबर चवळीचे तळलेले कोसे. रात्री मक्याच्या पिठाचा टुओ झाफी आणि अयोयोच्या पानांचं बुळबुळीत सूप, एकाच भांड्यात सगळ्यांनी उजव्या हाताने. व्हेज मिळायचं का? सूप दिसायला व्हेज असतं, पण आत सुकट कुटून घातलेली असते. मी खायचे. ज्यांना चालत नाही त्यांनी कोको-कोशांवर राहावं, राहता येतं.

म्हणून "तुम्ही तिकडे गेलात, केवढं मोठं काम" असं कुणी म्हटलं की मला कसंतरीच होतं. गणित माझ्याइतकंच चांगलं शिकवणारे घानाचे मास्तर त्या शाळेत होते, फक्त ते तमालेत राहायचे, पावसात रस्ता गेला की त्यांचा नाइलाज व्हायचा. मी गावात राहायचे. माझ्यात आणि त्यांच्यात फरक असेल तर तो एवढाच, आणि कुठल्याही व्हॉलंटियर संस्थेने शिक्षकांसाठी गावातच चार खोल्या बांधून दिल्या तर माझ्यासारखीला तिकडे पाठवायची गरजही पडणार नाही.