मोबाईल गेटवर, ओटीपी मोबाईलवर

आमच्या बी.व्होक.ची (कामाधारित पदवीची) बावीस पोरं चाकणच्या एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस आहेत. त्यांची थिअरी मी मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरवर, घेते. व्हिडिओ झाले, क्विझ झाल्या, कंपनीने ट्रेनिंग रूममध्ये सहा कॉम्प्युटरही दिले. पहिल्या दिवशी सुपरवायझरच्या टेबलावरून एका पोराचा फोन.

"मॅडम, ओटीपी मागतंय."

"मग टाक की."

"मोबाईल गेटवर जमा आहे."

कॅमेऱ्याचा फोन आत न्यायचा नाही, हा कंपनीचा नियम. ओटीपीशिवाय लॉगिन नाही, हा आमचा. एकजण गेटपर्यंत पळत गेला. परत येईस्तोवर ओटीपी बाद! ओटीपी ईमेलवर घ्यावा, तर तिथे जीमेल बंद.

आमच्या कॉम्प्युटर विभागाने तोडगा सांगितला: कंपनीचा आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा तिचा पत्ता-क्रमांक) आणा, तेवढ्यापुरता ओटीपी उठवतो. कंपनीचं आयटी म्हणालं, असा आकडा देत नाही, लेटरहेडवर अर्ज करा. केला. प्राचार्यांची सही हवी होती. घेतली. मग शिक्का राहिला. मग एचआरची सही, आणि एचआर ऑडिटमध्ये. दर सोमवारी फोन करायचा आणि "फाईल वर गेलीय" हे ऐकायचं. वर म्हणजे कुठे, कोणालाच ठाऊक नाही. असे पाच आठवडे गेले.

या काळात तारलं मूडलच्या मोबाईल ॲपने. पोरं घरी धडा उतरवून घेत आणि कंपनीच्या बसमध्ये नेटशिवाय क्विझ सोडवत. रेंज आली की उत्तरं चढत. पण त्यासाठी सेटिंगमध्ये ऑफलाइनची परवानगी द्यावी लागते आणि वेळमर्यादा काढावी लागते. मी वेळमर्यादा ठेवली होती, एक आठवडा त्यातच वाया.

लाइव्ह लेक्चरच्या नादी लागू नका. शिफ्ट दर आठवड्याला फिरते; सकाळच्या लेक्चरला निम्मी पोरं मशीनवर, निम्मी झोपेत. सात-आठ मिनिटांचे व्हिडिओच बघितले जातात, तेही त्यांच्याच लाइनवरचा रिजेक्ट झालेला जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, दाखवला तर. (शूटिंगची परवानगी मिळत नाही. जॉब मागून आणा, कॉलेजात शूट करा.)

हो, कामाच्या तासांचं लॉगबुक रोजच्या रोज भरून घ्या. तीस तासांना एक क्रेडिट, म्हणजे वर्षाच्या ४० क्रेडिटना १२०० तास. महिनाअखेरीला आठवून लिहिलेले तास ओळखू येतात. आणि ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधलं (क्रेडिट जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन खात्यातलं) नाव आधारशी जुळतं का, ते आधीच बघा.

शेवटी आयटीतल्या माणसाने आयपी चिठ्ठीवर लिहून दिला. तो टाकताना आमचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, हा तर लॉगमध्ये दिसतोय." पोरांनी पहिल्या दिवशी लॉगिनची खटपट केली, तेव्हापासून तो आमच्याच सर्व्हरवर पडून होता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर नोकरी गेली असती.

त्याच रात्री साडेआठला, सेकंड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत, ट्रेनिंग रूममधून पहिलं लॉगिन झालं. टूल ऑफसेटची (मशीनला टूलचं माप भरून देण्याची) क्विझ, दहापैकी नऊ.