व्होकल घेतानाच जॅक का मरत होता

तीन आठवडे डोकं खाल्लं या प्रकाराने. लिनक्सच्या मशीनवर गिटार घ्या, बास घ्या, कीबोर्ड घ्या, तासन्‌तास काही होत नाही, आणि व्होकलसाठी माइक लावला की कधी पाच मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी आवाज एकदम बंद, मीटर जागच्या जागी थिजलेले आणि आर्डर (माझा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम) सांगतंय की जॅक, म्हणजे ऑडिओ कार्ड आणि प्रोग्राम यांच्यात आवाज पोचवणारा सर्व्हर, बंद पडला. चांगला लागलेला टेक असा अर्ध्यात गेला की फार जीवाला लागतं, कारण तो सूर तसाच परत लागत नाही.

मी पहिला संशय घेतला तो व्होकलच्या ट्रॅकवरच्या रिव्हर्बवर, कारण बाकी ट्रॅकवर तो नव्हताच. काढला, तरी तेच. मग बफर (जॅक एका हप्त्यात, म्हणजे एका पीरियडमध्ये, किती सॅम्पल घेतो तो आकडा) १२८ वरून २५६ केला, म्हणजे ४८००० सॅम्पल रेटला एक पीरियड साधारण २.७ मिलिसेकंदांचा ५.३ झाला, ऑडिओ कार्ड यूएसबीचं आहे म्हणून पीरियड २ चे ३ केले, सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर टाकला. रिअलटाइमची परवानगी पण तपासली, मी ऑडिओ ग्रुपमध्ये आहे का, आरटीप्रायो (प्राधान्याची मर्यादा) ९५ आणि मेमलॉक (मेमरी राखून ठेवायची मर्यादा) अनलिमिटेड खरंच लागू झालंय का (फाइल बदलल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं, हे बरेच जण विसरतात). सगळं जागेवर होतं.

इथे एक गोष्ट मला आधीच खटकायला हवी होती. मशीनला लोड झेपत नसेल तर आधी एक्सरन (आवाज वेळेत न पोचल्याने पडलेले खंड) वाढताना दिसतात, आवाजात टकटक येते, मग पुढचं सगळं. माझ्याकडे मरायच्या क्षणापर्यंत एक्सरनचा आकडा ० होता! म्हणजे जॅकला वेळ कमी पडतच नव्हता, त्याच्या पायाखालचं काहीतरी निघून जात होतं.

मग जॅकचा लॉग बाजूला ठेवला आणि कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग दुसऱ्या खिडकीत चालू ठेवून गायला बसले. जॅक गेला आणि लॉगमध्ये त्याच सेकंदाला, जॅकच्या तक्रारीच्या आधी, ओळ आली : यूएसबी डिस्कनेक्ट. लगेच खाली नवीन डिव्हाइस सापडल्याची ओळ, तेच कार्ड, नवा नंबर. कार्डच नाहीसं झालं तर जॅक कुणाला आवाज देणार, तो बिचारा बरोबरच वागत होता.

ऑटोसस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला डिव्हाइस आपोआप झोपवणं, असेल असं वाटलं, पण ज्या कार्डातून आवाज चालू आहे ते झोपवलं जात नाही, ते फक्त रिकाम्या डिव्हाइसला होतं. मग राहिली वायर, हब आणि करंट. आणि तेव्हा डोक्यात आलं की व्होकलला मी कंडेन्सर माइक लावते, त्याला कार्डाकडून वीज लागते, म्हणजे कार्डावरचं ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण फक्त तेव्हाच दाबलेलं असतं. हे ४८ व्होल्ट कार्ड यूएसबीच्या ५ व्होल्टमधूनच तयार करतं, त्यामुळे ते चालू केलं की कार्ड जास्त करंट ओढतं. माझं कार्ड होतं हबवर, हबला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर नाही, आणि त्याच हबवर सॅम्पलची एक्सटर्नल हार्ड डिस्क. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, त्यात हे सगळं भागवायचं. डिस्क मध्येमध्ये झोपायची, आणि जागी होऊन फिरायला लागताना तिला झटक्यात जास्त करंट लागतो.

खात्री करायला गायलेच नाही. फँटम चालू केलं, डिस्क झोपायची वाट बघितली आणि तिच्यावरचा एक फोल्डर उघडला. डिस्कचा घरघर आवाज आला, कार्डावरचा दिवा एकदा विझून लागला आणि जॅक गेला. फँटम बंद ठेवून तेच चार वेळा केलं, काही झालं नाही. परत फँटम चालू, परत गेला.

आता कार्ड आखूड केबलने थेट मशीनच्या मागच्या पोर्टला आहे, डिस्क वेगळ्या पोर्टला, हबवर फक्त माउस आणि कीबोर्ड. बफर परत १२८ वर आणला. काल फँटम चालू ठेवून सलग दोन तास गायले, कर्नलच्या लॉगमध्ये यूएसबीची एकही ओळ नाही, आणि तो अर्ध्यात गेलेला अंतरा शेवटी पूर्ण झाला.